चौथरा आधी की काका

आमच्या गावात सगळ्यात सुंदर जागा मेलेल्यांना मिळायची. समोर समुद्र, मागे सुरूचं बन, डोक्यावर पत्र्याची शेड आणि आडवं व्हायला सिमेंटचा चौथरा. जिवंतपणी ज्याला कुणी पडवीत टेकू दिलं नाही, तोही मेल्यावर हक्काने समुद्रकिनारी जायचा. माझ्या होमस्टेला येणारे मुंबईचे पाहुणे लांबून शेड बघून विचारायचे, ते कॉटेज कुणाचं, बुकिंग मिळेल का? मी सांगायचो, मिळेल की, फक्त तिथलं चेक-आउट जरा अवघड असतं.

मुरुड आणि दिवेआगरच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं गाव आहे. माझ्या लहानपणी समुद्र इतका लांब होता की पोहायला जाताना आई सोबत भाकरी बांधून द्यायची आणि परत येईपर्यंत पोरांना मिसरूड फुटायचं. हे जरा वाढवून सांगतोय. पण आजचा समुद्र बघाल तर पूर्वीचं खरं सांगितलेलंही तुम्हाला वाढवलेलंच वाटेल. तेव्हा चौथऱ्यापुढे वाळू, वाळूपुढे पुन्हा वाळू आणि मग कुठे पाणी. आता सुरूची झाडं मुळं उघडी टाकून पाण्यात पाय सोडून बसलेली असतात. दर पावसाळ्यात चार-सहा आडवी होतात आणि गावातल्या चुली वर्षभर पेटतात. त्यामुळे समुद्र पुढे आला याचं दुःख गावात फार दिवस कुणाला झालंच नाही. सरपण फुकट घरपोच येत होतं.

शेडचे पत्रे मोठ्या वादळात उडाले. उडाले ते थेट खाडीपलीकडच्या गावात एकाच्या गोठ्यावर जाऊन बसले. इतके नेमके बसले की त्याला खिळासुद्धा ठोकावा लागला नाही. आम्ही मागायला गेलो तर म्हणाला, देवाने दिलंय, तुम्ही कोण मागणारे? त्याच्या म्हशी अजून आमच्या स्मशानाच्या पत्र्याखाली रवंथ करतात. तेव्हापासून दूध वाढलं म्हणतो मेला.

त्याच वादळाने माझ्या थोरल्या काकांची वाडी निजवली. पोफळी अशा पडल्या की कुणी काडेपेटी सांडावी. काकांनी पंचनाम्याला आलेल्या माणसाला चहा पाजला, शिवी दिली आणि दुसऱ्या पावसाळ्यात नवी रोपं लावली. पोफळ सुपारी धरायला जेवढी वर्षं घेते तेवढी काकांकडे उरलेली नाहीत, हे काकांना सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. टपरीवर पोरं म्हणायची, काका, सुपारी धरेल तेव्हा चावायला कोण येणार? काका म्हणायचे, तुझा बाप येईल, त्याला मेल्यावर तरी काम मिळेल.

काका असे होते. गावातल्या प्रत्येक माणसाचं एकदा तरी रडू काढलेलं. फक्त एका माणसाने त्यांचं रडू काढलं होतं, ती काकू. ती वादळाच्या बरीच आधी गेली आणि त्याच चौथऱ्यावर जळली. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी चौथऱ्याच्या कडेला बसायचे, सुपारी कातरायचे आणि तिच्याशी भांडायचे. मी स्वतः ऐकलंय. पस्तीस वर्षांपूर्वी तिने माहेरच्या लग्नात यांना पहिल्या पंगतीला बसवलं नाही, तो मुद्दा अजून निकालात निघालेला नव्हता. आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी बजावून सांगायचे, मी इथंच येणार, या चौथऱ्यावर, तू टळणार न्हायस. मलाही सांगून ठेवलं होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाड्या चालवतो. त्याने एकदा सुचवलं की नवी मुंबईत विजेची दाहिनी आहे, स्वच्छ, एसीतली. काका म्हणाले, "विजेवर भाजायला मी काय पापड हाय?"

तर काकांचं मागणं एवढंच होतं. तोच चौथरा. आणि समुद्राचंही मागणं तेच होतं.

ही गोष्ट आम्हाला एका बाईंनी सांगितली. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याशा संस्थेतून त्या दर ऋतूत यायच्या, बरोबर दोन विद्यार्थी, एक यंत्र आणि लाल-पांढरे पट्टे ओढलेला खांब. तो खांब त्यांनी चौथऱ्याजवळच रोवला होता. राहायच्या माझ्याकडे. बाई हुशार, पण वाईट खोड म्हणजे विचारलं की खरं सांगायच्या. त्यांनी जेवताना आम्हाला समजावलं की पाणी हळूहळू चढतंय, समुद्र तापतोय म्हणून वादळं आपल्या बाजूलाही जोर धरतायत, आणि पावसाळ्यात जी वाळू जाते ती पूर्वी हिवाळ्यात परत यायची, ती आता पुरती परत येत नाही. सगळे माना डोलवत ऐकत होते. मग सरपंचांनी विचारलं की हे सगळं सुट्टीच्या सीझनआधी की नंतर. माझ्या बायकोने विचारलं, अजून सोलकढी घालू का. मी विचारलं की आमचा किनारा सुरक्षित आहे असं दोन ओळींत लिहून मिळेल का, भिंतीवर लावायला. बाईंनी सोलकढी तेवढी घेतली.

दुसऱ्या दिवशी काका त्यांना चौथऱ्यावर भेटले. मी यंत्राची पेटी उचलून उभा होतो, म्हणून ऐकलं. काकांनी विचारलं, चौथरा किती टिकेल? बाई म्हणाल्या, फार वर्षं नाही, खालची वाळू पोकळ व्हायला लागली आहे.

"मग एवढं सांग गो बाय," काका म्हणाले, "मी आधी की ह्यो आधी?"

बाईंनी माझ्या हातातल्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काका, माझं यंत्र वाळू मोजतं. तुमचं मला नाही सांगता येणार."

"मग तुझ्या यंत्रात अर्धीच अक्कल हाय," काका म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

हे मी टपरीवर सांगितलं. सांगताना थोडी फोडणी घातली असेन. त्या दिवसापासून गावाला क्रिकेट बघायची गरज उरली नाही. काका चौथऱ्याकडे निघाले की पोरं विचारायची, काका, आज कोण पुढे? उधाणाच्या भरतीनंतर चौथऱ्याचा एखादा टवका उडाला की काकांना घरी जाऊन बातमी दिली जायची, अभिनंदन केल्यासारखी. काकांना खोकला झाला की कुणीतरी चौथऱ्याची खुशाली कळवायचं. काका सगळ्यांना शिव्या घालायचे, पण मी पाहिलंय, त्या वर्षी ते रोज चौथऱ्याच्या खाली वाकून बघायचे. पोकळीत हात घालायचे. आणि मग टोपलीतून वाळू आणून भरायचे. ऐंशीच्या घरातला माणूस समुद्राशी टोपलीने भांडत होता, आणि गाव शेंगदाणे खात बघत होतं.

शेवटी ग्रामसभेत विषय निघालाच, स्मशान आत हलवायचं. ठराव एकमताने झाला. आमच्या गावात एवढं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुठे हलवायचं, एवढाच प्रश्न उरला, आणि त्यावर तीन सभा मोडल्या. शाळेमागे नको, पोरं घाबरतील. खाजणाकडे नको, तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी. मोहल्ल्यातले माझे एक दोस्त आहेत, कुवेतला पंचवीस वर्षं काढून आलेले, त्यांना सरपंचांनी विचारलं की तुमच्या कब्रस्तानाची समुद्राकडची भिंत पडली तेव्हा तुम्ही काय केलंत. ते म्हणाले, आत सरकलो. एवढ्यात? सरपंचांना नवल वाटलं. दोस्त म्हणाले, "हां, आम्ही सभा नाही घेतली."

मग कुणीतरी माझ्या वाडीमागच्या पडीक तुकड्याचं नाव घेतलं. जागा उंचावर, रस्ता लागून, सगळं जुळत होतं. मी उठून म्हणालो की माझी काहीच हरकत नाही, गावासाठी जीव देईन, पण तिथे राखणदाराचं ठाणं आहे. लोक बघायला आले तर खरंच होतं. शेंदूर फासलेला दगड, नारळ, उदबत्तीची राख, सगळं जागच्या जागी. राखणदाराला कोण उठवणार? विषय संपला. फक्त काका काठी टेकत दगडाभोवती एक फेरी मारून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मागल्या आठवड्यात ह्यो न्हवता. एसटीने आला काय?"

स्मशान हललं नाही. त्याऐवजी बंधारा आला. मोठमोठे काळे दगड ट्रकातून उतरले आणि किनाऱ्याला दातांची कवळी बसवावी तसे रचले गेले. सुरुवात झाली सरपंचांच्या रिसॉर्टपासून. हे रिसॉर्ट गावच्या वेशीबाहेर, मारुतीच्या देवळापलीकडे, अगदी वाळूला चिकटून. बांधलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली होती, वेशीबाहेर राहू नये. सरपंच म्हणाले होते, व्ह्यू पण वेशीबाहेरच आहे. तर तिथून बंधारा निघाला आणि चौथऱ्याच्या अलीकडे येऊन दगड संपले. दगड संपायला तेवढीच जागा बरी सापडली. बाई पुढच्या फेरीला आल्या, बंधारा बघून डोक्याला हात लावला. म्हणाल्या, भिंत जिथे संपते तिथे लाट वळसा घेते आणि दुप्पट उकरते. सरपंच म्हणाले, मॅडम, जिथे संपते तिथे कोण राहतं? काका तिथेच बसले होते, त्यांनी हात वर केला.

त्यानंतर चौथरा भरभर हरायला लागला आणि काकाही. दोघांची एक बाजू खचली. काकांची डावी, चौथऱ्याची समुद्राकडची. वैशाखातल्या नवमीला सकाळी काका गेले. जाताना कुणाला काही बोलले नाहीत. एवढी सभ्यता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दाखवली.

आता कुठे न्यायचं? चौथरा अजून उभा होता, तिरका पण उभा. माझी बायको हळूच म्हणाली की आपल्या मागच्या तुकड्यावर उरकून घेऊ, एका दिवसाचा तर प्रश्न. शनिवार होता. माझ्या चारही खोल्या भरलेल्या, पुण्याचं एक कुटुंब तर नाश्त्याला बाहेर अंगणात बसलेलं. मी म्हणालो, काकांची शेवटची इच्छा आहे, ती मोडणारे आपण कोण? हे वाक्य इतकं चांगलं होतं की दहा मिनिटांत सगळ्या गावाच्या तोंडी झालं. जिवंतपणी ज्या माणसाने प्यायला पाणी मागितलं तरी लोक रस्ता बदलायचे, त्याच्या इच्छेसाठी त्या सकाळी अख्खं गाव मरायला तयार होतं.

राहिला भरतीचा प्रश्न. तो आमच्याकडे पोरंसुद्धा सोडवतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. नवमी, नऊची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळी पावणेसातला भरती, दुपारी एकला पुरती ओहोटी, पुन्हा भरायला संध्याकाळ. त्यात नवमी म्हणजे भांगाचं पाणी, उधाण नाही की काही नाही, गरीब गाईसारखं. दुपारी अग्नी दिला की पाणी यायच्या आत काका मोकळे. वाडवडिलांनी याच हिशेबावर होड्या घातल्या, जाळी टाकली, मुली दिल्या. हिशेब कधी चुकला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाईंचा निरोप होता. दक्षिणेकडे, जिथे जहाजंसुद्धा जात नाहीत तिथे, मोठं वादळ झालंय, तिथून निघालेल्या लाटा आज आपल्या किनाऱ्यावर पोचतील, वारा नसेल, आभाळ स्वच्छ असेल, तरी वाळूवर कुणी जाऊ नका. मी तो ताटीजवळ सगळ्यांना वाचून दाखवला. एकेकाला हसू फुटायला लागलं. प्रेताजवळ हसायचं नसतं म्हणून लोक तोंडाला टॉवेल लावून हसत होते. नवमीला लाटा? भांगाच्या ओहोटीला? सरपंच म्हणाले, "बाईंना म्हणावं, कॅलेंडर बघा." चुलतभाऊ तेवढा म्हणाला की थांबूया का. त्याला कुणीतरी म्हणालं की तू शेव्याचा, तुला तिथी काय कळणार. तिथी वेळ सांगते, उंची सांगत नाही, हे बाईंनी एकदा सोलकढी पिताना सांगितलं होतं. पण सोलकढी फार चांगली झाली होती त्या दिवशी.

दुपारी चिता रचली. चौथरा तिरका म्हणून समुद्राकडच्या बाजूला खाली सुरूचे ओंडके लावून पातळी केली. पाणी खरंच लांब गेलं होतं. हिशेब बरोबर होता. भावाने अग्नी दिला, काका चांगले पेटले, नाहीतरी माणूस आयुष्यभर पेटलेलाच. आम्ही सुरूच्या सावलीत जाऊन बसलो. एक झुळूक नव्हती. धूर दोरीसारखा सरळ वर चाललेला. आणि समुद्र तेलासारखा, त्यावर एकही लाट फुटत नव्हती. फक्त लांबवर तो सगळाच्या सगळा थोडा वर उचलला गेल्यासारखा वाटला, घोंगडीखाली कुणी कूस बदलावी तसा.

पहिली लाट चौथऱ्याच्या पायाशी आली, फेस टाकून परत गेली. लोक म्हणाले, चुकून आली असेल. दुसरी चुकून आली नाही. ती माझ्या अंदाजाने माडाएवढी होती. भाऊ म्हणतो कमरेएवढी, पण तो तिच्याकडे पाठ करून उभा होता, त्याला काय दिसणार. चितेतून असा चर्रकन आवाज आला की मी अजून तव्यावर पाणी पडलं तरी उठून उभा राहतो. पांढऱ्या वाफेचा ढग उठला. त्या ढगात काका उठून बसले. हे मी शपथेवर सांगतो. जाणकार म्हणतात की आगीत स्नायू आखडतात, ओंडके सरकतात, प्रेत वाकतं. असेल. पण वाकणारं प्रेत मान वळवून सरपंचांच्या रिसॉर्टकडे बघत नाही.

तिसऱ्या लाटेने खालची उरलीसुरली वाळू नेली. चौथरा एकदम मऊ झाल्यासारखा कलला आणि होडी पाण्यात लोटावी तसा घसरत गेला, बाईंचा पट्ट्यांचा खांब, ओंडके आणि अर्धे जळलेले काका घेऊन. गाव पळालं. मीही पळालो आणि पळताना माझी चप्पल गेली. भाऊ तेवढा कमरेभर पाण्यात उभा होता, हातात मडक्याची खापरी, आणि वडलांना हाक मारत होता. बाबा, थांबा. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

काका थांबले नाहीत. लाटांनी त्यांना बंधाऱ्याच्या कडेकडेने नेलं आणि सरपंचांच्या रिसॉर्टसमोर, पायऱ्यांवर आणून ठेवलं. वर गॅलरीत सुरमईच्या थाळ्या चालू होत्या. एका छोट्या मुलीने आधी बघितलं. तिने आईला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण थाळ्या राहिल्या आणि गाड्या सुटल्या. काही पाहुणे मात्र फोन उंच धरून थांबले होते.

सरपंच म्हणाले, उचला, खाजणाकडे न्या. खाजणाकडे जायचा रस्ता गावातून. आणि आमची रीत अशी की एकदा अग्नी दिलेलं प्रेत पुन्हा वेशीच्या आत आणायचं नाही. म्हातारे अडून बसले. सरपंचांनी हात जोडले. मग भाऊ पाण्यातून निथळत आला. त्याने कुणाकडे बघितलं नाही. रिसॉर्टच्या हिरवळीवरची एक लाकडी खुर्ची उचलली, दगडावर आपटून मोडली. मग दुसरी.

"हे वेशीबाहेर आहे ना?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या.

"मग माझा बाप इथेच जळेल."

रिसॉर्टच्या खुर्च्या, छत्र्यांचे दांडे आणि एका झोपाळ्यावर काका जळले. झोपाळा सागवानी होता, छान पेटला. मी भावाला लाकडं देत होतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या खोल्यांतलं पुण्याचं कुटुंब अंगणातच बसून आहे, त्यांना काही दिसलं नाही, हा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. काकांना चौथरा मिळाला नाही. काकू ज्या जागेवर जळली ती जागा आता मोठ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी जाईल एवढी खोल आहे. यापुढे भांडायचं असेल तर त्यांना पोहत जायला हवं, आणि काकांना पोहता येत नव्हतं.

स्मशानाचा ठराव अजून एकमताने मंजूर आहे. जागा ठरायची आहे. तोवर मरणारी माणसं खाडीपलीकडच्या गावात न्यावी लागतात, आणि तिथे त्या म्हशींच्या गोठ्यावरून जाताना प्रत्येक जण वर पत्र्याकडे बघतो.

दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या. चौथऱ्याच्या जागी पाणी बघितलं. मग विचारलं, काका आधी गेले की चौथरा? मी म्हणालो, बरोबरी झाली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नवा खांब आणला होता, तसाच लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. जुनी जागा राहिली नव्हती, आता त्यांच्या हिशेबाने खांब माझ्या वाडीत यायला हवा होता, माडांच्या दुसऱ्या ओळीत, पाहुण्यांच्या खोल्यांच्या खिडकीसमोर. मी त्यांना पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि म्हणालो, "बाई, खांब बघून पाहुणे विचारतात हो. शेजारी रोवा ना, त्याचं घर वर्षभर बंदच असतं."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग विद्यार्थ्यांना म्हणाल्या, उचला. कुंपणापलीकडे खांब ठोकल्याचा आवाज अर्धा तास येत होता. मी बायकोला सांगितलं, पाहुण्यांना सांग, शेजारी विहिरीचं काम चाललंय.